प्रकल्प नोंदी: ऑडिओ स्विचर ऑटोमेशनच्या संगणकाला जोडताना

२ मे २०२४, गुरुवार

आज कामाला हात घातला. आधी सध्या काय आहे ते लिहून ठेवतो. पुढे कोणी ही वही उघडली तर त्याला सुरुवात सापडेल.

आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, आहे. ट्रान्समीटर ५० वॅटचा, फ्रिक्वेन्सी ९०.४ मेगाहर्ट्झ. मनोरा ३० मीटरचा, कारण नियमात त्याहून उंच बसत नाही. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ प्रसारण. त्यातलं बरंचसं रिव्हेंडेल चालवतं. ही रेडिओसाठीची लिनक्सवरची मुक्त प्रणाली आहे. गाणी, मुलाखती, शेतीचे कार्यक्रम, सगळं दिवसाच्या लॉगप्रमाणे, म्हणजे काय कधी वाजायचं त्या यादीप्रमाणे, आपोआप वाजतं.

अडतं ते बातम्यांपाशी. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा देता येतात. आम्ही पुणे केंद्राचं सकाळी ७ वाजून ५ मिनिटांचं प्रादेशिक बातमीपत्र रत्नागिरी केंद्रावरून ट्यूनरवर पकडतो आणि पुढे सोडतो. हे सोडायचं काम केंद्रातल्या काकी करतात. रोज पावणेसातला चढण चढून येतात, ७ वाजून ४ मिनिटांनी मिक्सरवरचा एक फेडर (आवाजाची सरकती दांडी) खाली आणि दुसरा वर, दहा मिनिटांनी पुन्हा उलट. गेली तीन वर्षं, पावसातसुद्धा. त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय. मार्चमध्ये चार दिवस त्या आल्या नाहीत तर चार दिवस बातम्या लागल्या नाहीत.

दुसरं कारण मला जास्त खुपतं. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी संगणक गोठला आणि ४७ मिनिटं हवेत नुसती शांतता होती. ट्रान्समीटर चालू, मीटर चालू, आवाज नाही. मी रत्नागिरीला होतो. बंदरावरच्या एका तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) फोन करून विचारलं, ‘केंद्र बंद केलंत की काय?’ तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून स्विचर घेतला, म्हणजे अनेक आवाजांपैकी हवा तो निवडून पुढे सोडणारं यंत्र. आठ स्टीरिओ इनपुट, दोन आउटपुट, मागे संगणकाकडून आज्ञा घ्यायचा सीरियल पोर्ट, बाहेरच्या वस्तू चालू करायचे रिले, शांतता ओळखणारं सर्किट. वापरलेला आहे, पुण्याहून मिळाला. वाटणी अशी ठरवली: इनपुट १ रिव्हेंडेलचा संगणक, २ स्टुडिओचा मिक्सर, ३ आकाशवाणीचा ट्यूनर, ४ आणीबाणीसाठी मेमरी कार्डावरचा प्लेअर. आउटपुट १ ट्रान्समीटरकडे. आउटपुट २ कंट्रोल रूममधल्या स्पीकरला.

लॉगर (प्रसारण मुद्रित करणारा) मात्र आउटपुटला जोडायचा नाही, वेगळ्या रेडिओ सेटला जोडायचा, हवेतून. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे. जपायचंच तर लोकांनी ऐकलं ते जपावं, आम्ही पाठवलं असं आम्हाला वाटतं ते जपून काय उपयोग?

४ मे, शनिवार

दिवसभर सोल्डरिंग.

स्विचर बॅलन्स्ड आहे, म्हणजे प्रत्येक चॅनेलला तीन तारा: अधिक, उणे आणि शिल्ड (भोवतीची जाळी). संगणकाचं साउंड कार्ड आणि ट्यूनर दोन्ही साधे, दोन तारांचे. शिवाय पातळीचा फरक. स्टुडिओच्या सामानाची नेहमीची पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती सामानाची उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोन्हींत जवळपास १२ डेसिबलचं अंतर. हे तसंच ठेवलं तर मिक्सरवरून ट्यूनरवर गेल्याबरोबर आवाज एकदम खोल विहिरीत पडल्यासारखा होतो. आजीआजोबा आवाज वाढवतात, मग मिक्सर परत आला की दचकतात.

स्विचरच्या आत प्रत्येक इनपुटला छोटं स्क्रूचं पॉट आहे. त्यावर पातळ्या जुळवायच्या. १ किलोहर्ट्झचा सूर रिव्हेंडेलमधून वाजवला, आउटपुटला मल्टीमीटर लावला आणि एकेक इनपुट १.२३ व्होल्टवर आणला. ट्यूनरला सूर कुठून देणार? त्याला बातम्यांच्या निवेदकाच्या आवाजावर, मीटरची सुई बघत बघत बसवला. दोन सकाळी लागतील असं दिसतं.

संगणक आणि ट्यूनरच्या वाटेत एकास एकचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातले. ट्यूनरसाठी उणे टोक शिल्डला बांधून भागलं असतं, पण संगणकाचं अर्थिंग आणि रॅकचं अर्थिंग वेगवेगळ्या खोल्यांतून येतं, आणि तसं असलं की आवाजात गुणगुण शिरते. ट्रान्सफॉर्मरमुळे तांब्याचा थेट संबंध तुटतो आणि आवाज तेवढा पलीकडे जातो.

या दोन वाटांचं शिल्ड फक्त स्विचरच्या बाजूला जोडलं. दुसरं टोक कापून त्यावर नळी चढवली. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी. बारावीतला आमचा स्वयंसेवक म्हणाला, ‘सर, एका टोकाला पुरे ना?’ म्हटलं, रॅकच्या मागे रात्री टॉर्च दातात धरून उभा राहशील तेव्हा दुसऱ्या टोकाची किंमत कळेल.

५ मे, रविवार

ट्यूनरची पातळी बसली. बाकी काही नाही, लग्न होतं.

७ मे, मंगळवार

आज मतदान. सकाळी मत देऊन आलो. केंद्रात कोणीच नव्हतं, त्यामुळे सीरियलचं काम निवांत करता आलं. लवकर संपेल असं वाटलेलं काम साडेचार तास चाललं.

संगणकाला सीरियल पोर्ट नाही, म्हणून यूएसबीचं अडॅप्टर. त्यापुढे नऊ पिनांची केबल. स्विचरचं सेटिंग ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. मिनिकॉम हा सीरियलवर आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम उघडून स्थिती विचारणारी आज्ञा पाठवली. उत्तर नाही.

अशा वेळी अंदाज करत बसलो की दिवस जातो. म्हणून एकेक टोक तपासत गेलो. आधी अडॅप्टरच्याच पिन २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडल्या, म्हणजे पाठवलेलं अक्षर स्वतःकडेच परत यावं. आलं नाही. स्विचरचा संबंधच संपला, दोष अलीकडेच होता. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतं. आमच्या तीन तारांच्या केबलमध्ये त्या खुणेच्या तारा नाहीतच, त्यामुळे प्रोग्राम ‘पाठव’ या इशाऱ्याची वाट बघत बसला होता. ते बंद केलं, अक्षरं परत यायला लागली.

मग पुन्हा केबल लावली. तरीही शांत. पिन ३ वरून संगणक बोलतो, पिन २ वर ऐकतो. स्विचरच्या बाजूला हेच उलटं हवं. माझ्या हातातली केबल आतून उलटसुलट केलेली निघाली, दोन संगणक एकमेकांना जोडायची. मल्टीमीटरने पाहिलं तर दोघं एकाच तारेवर बोलत होते आणि दुसरीवर दोघंही कान लावून होते. सरळ केबल बनवली: २ ला २, ३ ला ३, ५ ला ५. पहिल्याच आज्ञेला उत्तर.

इनपुट ३ आउटपुट १ वर घे, असं टाइप केलं आणि समोरचा दिवा एकावरून तिनावर उडी मारून गेला. खोलीत मी एकटाच, पण मोठ्याने ‘आलं!’ म्हणालो.

केबल चार मीटर. आरएस-२३२, म्हणजे ही सीरियल जोडणी, पंधरा मीटरपर्यंत बिनघोर चालते, त्यामुळे लांबीची काळजी नाही. ट्रान्समीटर शेजारच्याच खोलीत असल्यामुळे त्याच्या लहरी तारेत शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना फेराइटची कडी मात्र चढवली.

११ मे, शनिवार

रिव्हेंडेलला स्विचर दाखवला. व्यवस्थापनाच्या पडद्यावर आधी सीरियल पोर्ट नोंदवायचा, मग स्विचरचा प्रकार निवडायचा, मग इनपुट-आउटपुटना नावं द्यायची. नावं मराठीत दिली: संगणक, स्टुडिओ, आकाशवाणी, आणीबाणी. काकींना वाचता आली पाहिजेत.

रिव्हेंडेलची आज्ञाभाषा छोटी आहे. दोन अक्षरं, काही आकडे, शेवटी उद्गारचिन्ह. ‘एसटी ० ३ १!’ म्हणजे शून्य क्रमांकाच्या स्विचरवर तिसरा स्रोत पहिल्या आउटपुटला जोड. रिव्हेंडेलमध्ये गाण्याच्या किंवा आज्ञेच्या प्रत्येक नगाला कार्ट म्हणतात. अशी आज्ञा एका मॅक्रो, म्हणजे आज्ञांच्या, कार्टमध्ये ठेवली की ती गाण्यासारखीच लॉगमध्ये कुठेही टाकता येते. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. लॉगला गाणं आणि आज्ञा यांत भेद नाही, वेळ झाली की तो पुढची ओळ घेतो.

एक चूक लिहून ठेवतो. स्रोताच्या जागी शून्य पडलं तर आउटपुट कशालाच जोडलेलं राहत नाही. माझ्या हातून तिनाऐवजी शून्य टाइप झालं आणि ९ सेकंद हवा रिकामी गेली. आता आज्ञा हाताने टाइप करायच्या नाहीत, कार्टच वाजवायचं, असा नियम केला.

दुपारी वेगळीच भानगड. संगणक बंद करून चालू केला आणि स्विचर गप्प. दोन यूएसबी अडॅप्टर आहेत, एक स्विचरला, दुसरं यूपीएसला. चालू होताना जे आधी सापडेल त्याला लिनक्स पहिला क्रमांक देतं. या खेपेला क्रमांकांची अदलाबदल झाली आणि स्विचरच्या आज्ञा यूपीएसच्या तारेवर निघाल्या. काही बिघडलं नाही, पण अंगावर काटा आला. यूपीएसने त्यातलं एखादं अक्षर ‘बंद हो’ असं वाचलं असतं तर?

कायमचं नाव देणारा नियम लिहिला. अडॅप्टरच्या अनुक्रमांकावरून ओळख पटवायचा विचार होता, पण स्वस्त अडॅप्टरांना अनुक्रमांकच नसतो. मग संगणकाच्या मागच्या कोणत्या भोकात ते खोचलंय त्यावरून ओळख ठरवली. त्या भोकाभोवती लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला (केंद्रातल्या ताईंकडून मागून आणलं) आणि बाजूला लिहिलं, ‘हे काढू नये.’ पाच वेळा संगणक बंद-चालू केला. पाचही वेळा नाव बरोबर.

१२ मे, रविवार

ट्यूनरचा आवाज चरचरतो, पण फक्त आपला ट्रान्समीटर चालू असताना. कारण उघड आहे. रत्नागिरीचा क्षीण संदेश ऐकायला बसलेल्या ट्यूनरच्या कानाशी आपलेच ५० वॅट ओरडतात.

उपाय केबलच्या तुकड्याचा. अँटेनाच्या तारेला टी-जोड लावून एका फांदीला एक चतुर्थांश तरंगलांबीची, दुसरं टोक उघडं ठेवलेली कोअॅक्सियल जोडली की ती नेमक्या त्या फ्रिक्वेन्सीला शॉर्ट असल्यासारखी वागते. ९०.४ ची तरंगलांबी ३.३२ मीटर, चतुर्थांश ८३ सेंटिमीटर. केबलमध्ये लहर हवेच्या ०.६६ पट वेगाने जाते, म्हणून ५५ सेंटिमीटर. साठ कापली आणि कात्रीने अर्धा-अर्धा सेंटिमीटर कमी करत गेलो. साडेचोपन्नला चरचर विझली.

त्यात रत्नागिरीही थोडी दबली, ते अपेक्षितच होतं. तीन कांड्यांची यागी, म्हणजे एका दिशेचं ऐकणारी अँटेना, ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून बनवून उत्तरेकडे तोंड करून लावली. मनोरा तिच्या पाठीला येईल अशी जागा निवडली. आता निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

१८ मे, शनिवार

आज पहिल्यांदा बातम्या आपोआप लागल्या.

लॉगमधली रचना अशी: ७ वाजून ४ मिनिटं ५५ सेकंदांना पक्क्या वेळेचं मॅक्रो, आकाशवाणीकडे. त्याच्या पुढची ओळ ‘थांबा’वर, म्हणजे लॉग तिथे उभा राहतो. ७ वाजून १५ मिनिटांना पुन्हा पक्क्या वेळेचं मॅक्रो, संगणकाकडे, आणि लगेच मागून शेतीचा कार्यक्रम. पक्की वेळ झाली की चालू असेल ते तिथेच तुटतं. म्हणून बातम्यांच्या आधी शब्द असलेलं गाणं ठेवायचं नाही. कडव्याच्या मध्यात गाणं तोडणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. तिथे सनई ठेवली, आठ मिनिटांची. कुठेही सोडली तरी कानाला टोचत नाही.

काकी आल्या होत्या, न बोलावता. खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होत्या. दिवा एकावरून तिनावर गेला, निवेदकाचा आवाज आला. काकींचा हात सवयीने फेडरकडे गेला होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. म्हणाल्या, ‘बरं झालं हो. आता मी काय करू?’

मला उत्तर सुचलं नाही. ते बरोबर नाही. या प्रश्नाचं उत्तर प्रकल्पात असायला हवं.

१९ मे, रविवार

गुणगुण. इनपुट २ वर, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरवर, बारीक ५० हर्ट्झची. हेडफोनवर स्पष्ट, हवेत शांत जागी कळते.

मिक्सर खालच्या खोलीत आहे, त्याचं अर्थिंग जुन्या खड्ड्यात. रॅकचं अर्थिंग मनोऱ्याच्या खड्ड्यात. दोन खड्ड्यांत फरक असला की तो फरक ऑडिओच्या शिल्डमधून वाहतो. गावातल्या वायरमनकाकांनी टेस्टर आणला. मनोऱ्याचा खड्डा ६ ओहम, जुना ३८. काका म्हणाले, ‘जांभ्यात अर्थिंग म्हणजे पाटावर पाणी ओतून झाड लावण्यासारखं.’ सड्यावर माती वीतभर, खाली सगळा जांभा. मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत.

जुना खड्डा सोडून दिला. स्टुडिओचं अर्थिंग जाड तांब्याच्या पट्टीने मनोऱ्याच्या खड्ड्यालाच नेऊन बांधलं. सगळं एकाच ठिकाणी. काकांनी खड्ड्यात नवा कोळसा आणि मीठ भरलं, वर पाण्यासाठी पाइप उभा केला. रोज दोन बादल्या, पाऊस येईपर्यंत. गुणगुण गेली. पाऊस सुरू झाला की विजा पडायला लागतील, त्यासाठीही सगळं एका जागी बांधलेलं असणं गरजेचं होतं. ते या निमित्ताने झालं.

२५ मे, शनिवार

शांतता ओळखणारं सर्किट चालू केलं. आउटपुट १ वरचा आवाज ठरावीक पातळीखाली २० सेकंद राहिला की स्विचर एक संपर्क जोडतो. त्यावर मी दोन गोष्टी लावल्या: स्विचर स्वतःच इनपुट ४ वर जातो, आणि कंट्रोल रूममध्ये घंटी वाजते.

संध्याकाळी साडेसातला घंटी वाजली. धावत गेलो. काही बिघडलं नव्हतं. नमनखेळ्यांचं ध्वनिमुद्रण चालू होतं, गेल्या शिमग्यात आम्हीच केलेलं. त्यात म्हाताऱ्या सूत्रधाराने गोष्ट सांगता सांगता थांबून पाणी प्यायलं, दम घेतला, लोकांकडे पाहिलं असणार, आणि मग पुढचं वाक्य. स्विचरने त्या थांबण्याला बिघाड ठरवलं आणि मेमरी कार्डावरचं भजन लावलं.

ताईंचं म्हणणं, तो तुकडा कापून टाका. मी नाही म्हटलं. त्या माणसाची ती थांबण्याची तऱ्हा हाच त्या कार्यक्रमाचा जीव आहे. वेळ ४० सेकंद केली आणि पातळी आणखी खाली आणली, म्हणजे खोलीतली कुजबुज, खोकला, मागे वाऱ्याचा आवाज एवढंही ‘आवाज आहे’ म्हणून मोजलं जाईल. खरा बिघाड झाला तर वीस सेकंद जास्त शांतता राहील. ते मला चालेल.

१ जून, शनिवार

मासेमारी आजपासून दोन महिने बंद. बंदरावरचे लोक मोकळे होते, चौघं केंद्र बघायला आले. त्यांच्यासमोरच तारा उपटायच्या चाचण्या घेतल्या.

संगणकाची सीरियल केबल काढली: स्विचर होता तिथेच राहिला. ठीक.

संगणकाची वीज काढली: शांतता, ४० सेकंदांनी इनपुट ४. ठीक.

स्विचरची वीज काढली: पूर्ण शांतता. आवाजही रिलेतूनच जाणारा स्विचर असता तर एखादा मार्ग तसाच जोडलेला राहिला असता. हा इलेक्ट्रॉनिक आहे, वीज गेली की मुका. म्हणून स्विचर यूपीएसवर घेतला आणि शेजारी आणीबाणीच्या प्लेअरची एक तयार केबल लटकवून ठेवली, थेट ट्रान्समीटरला लावता येईल अशी. तिच्यावर पिवळी पट्टी.

मग सगळ्या इमारतीची वीज काढली, यूपीएससकट, आणि पुन्हा दिली. खरा धडा इथे मिळाला. स्विचर दोन सेकंदांत जागा होतो. संगणकाला २ मिनिटं ४० सेकंद लागतात. मी स्विचरला सांगून ठेवलं होतं की वीज आली की इनपुट १ घे. म्हणजे पावणेतीन मिनिटं तो एका झोपलेल्या संगणकाकडे तोंड करून उभा. मधे शांततेचं सर्किट जागं झालं म्हणून बरं.

आता वीज आली की थेट इनपुट ४. प्लेअरही वीज आल्याबरोबर स्वतः सुरू होतो. प्रश्न उरला संगणकाकडे परत कधी यायचं हा. रिव्हेंडेलमध्ये संगणक सुरू होताना एक कार्ट आपोआप चालवता येतं. ते वापरून पाहिलं आणि काढून टाकलं, कारण ते चालतं तेव्हा लॉग अजून वाजायला लागलेला नसतो. संगणक जागा होणं वेगळं आणि त्याच्याकडे हवेत सोडायला आवाज असणं वेगळं. म्हणून ‘एसटी ० १ १!’ ही आज्ञा लॉगमध्येच दर तासाच्या पहिल्या ओळीला आणि मधे दर पंधरा मिनिटांना टाकली, फक्त बातम्यांची वेळ सोडून. लॉग त्या ओळीपर्यंत पोचला याचाच अर्थ तो वाजतोय.

चौघांपैकी सगळ्यात वयस्कर तांडेल म्हणाले, ‘म्हंजे इंजिन बंद पडलं तर शीड, शीड फाटलं तर वल्हं.’ हो, अगदी तेच.

९ जून, रविवार

पाऊस आला. आणि आज सकाळी बातम्या लागल्या नाहीत.

रात्री वीज गेली, पहाटे आली, इंटरनेट आलं नाही. सात वाजता बघतो तर संगणकाच्या घड्याळात साडेबारा. बरोबर साडेपाच तास पुढे. हा आकडा बघितल्याबरोबर कारण कळलं: भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांतलं अंतर. त्या संगणकावर जुनं विंडोज अजून आहे. काल कोणीतरी प्रिंटरसाठी ते उघडलं. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच जागतिक वेळ समजून तिच्यात साडेपाच तास मिळवतं. एरवी इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होते, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

कोणी उघडलं ते विचारलं नाही. प्रिंटर लागला तर माणूस संगणक उघडणारच. ऑटोमेशनचा संगणक दुसऱ्या कामाला मिळतो हीच चूक होती आणि ती माझी. विंडोज काढलं, प्रिंटर जुन्या लॅपटॉपला जोडला, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही बदलला.

१५ जून, शनिवार

गेल्या गुरुवारचा प्रकार लिहायचा राहिला. दरड आल्यामुळे रस्ता बंद झाला होता. काकी स्वतःहून आल्या, स्विचरवरचं २ नंबरचं बटण दाबून माइकवर सूचना वाचायला लागल्या. ७ वाजून ४ मिनिटं ५५ सेकंदांना लॉगने आपलं काम केलं. काकींचं वाक्य ‘एसटी घाटातून जाणार नाही, त्यामुळे’ इथे तुटलं आणि बातम्या सुरू झाल्या. काकी वाचतच राहिल्या, त्यांना कळलंच नाही. लॉगरवर ते तुटलेलं वाक्य मी तीनदा ऐकलं.

माणूस बोलत असताना यंत्राने त्याला हटवायचं नाही, हे आधीच ठरायला हवं होतं.

रिव्हेंडेलमध्ये अट घालता येईल का, मोड बदलायला शिकवावं का, असं दोन दिवस डोक्यात घोळत होतं. पण ताणाच्या क्षणी संगणकाच्या पडद्यावर काही शोधायला लावणं काकींवर अन्याय आहे. शेवटी उपाय एका खटक्यात सापडला. सीरियल केबलमध्ये संगणक ज्या तारेवर बोलतो ती पिन ३ ची तार कापून तिच्यात घरात असतो तसला मोठा खटका घातला. खटका खाली केला की संगणकाचा आवाज स्विचरपर्यंत पोचतच नाही. स्विचरच्या समोरची बटणं चालू राहतात, कारण त्यांना सीरियलशी देणंघेणं नाही. तुटलेल्या तारेवर भलतीच अक्षरं उमटतील का, ही शंका होती. आरएस-२३२ च्या ग्राहक चिपमध्ये सुमारे ५ किलोओहमचा रोध तारेला जमिनीशी बांधून ठेवतो, त्यामुळे उघडं टोक ‘कोणी बोलत नाही’ असंच वाचलं जातं. पन्नास वेळा खटका वर-खाली केला. एकदाही दिवा हलला नाही.

खटक्याच्या दुसऱ्या जोडीवर लाल दिवा घेतला. शांततेच्या सर्किटची स्वतःहून इनपुट ४ वर जायची सोय मात्र चालूच ठेवली. माणूस बोलता बोलता उठून गेला तर ४० सेकंदांनी काहीतरी वाजलं पाहिजे.

खटका वर केल्यावर संगणकाला काही सांगावं लागत नाही. पुढची पंधरा मिनिटांची ओळ आली की तोच ताबा घेतो.

काकींना दाखवलं. त्यांनी खटका चार वेळा दाबून पाहिला, मग विचारलं, ‘याच्यावर काय लिहिणार?’ मी ‘मॅन्युअल’ म्हणणार होतो. त्याच म्हणाल्या, ‘लिहा, मी बोलतेय.’ तसंच लिहिलं, पांढऱ्या रंगाने.

८ जुलै, सोमवार

मी आज केंद्रात नव्हतो, आयटीआयमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होती. संध्याकाळी आलो तेव्हा रॅकखालच्या वहीत काकींच्या अक्षरात नोंद होती. तशीच उतरवून ठेवतो.

‘सकाळी ६.५२ खटका खाली. दोन नंबर दाबला. साकवावर पाणी, शाळेची गाडी येणार नाही, खालच्या वाडीने गुरं वर घ्यावी, असं पाच वेळा वाचलं. सात-पाचच्या बातम्या आपण लावल्या नाहीत, लोकांना तसं सांगितलं. ७.१९ खटका वर. साडेसातला गाणं लागलं. मधे मी चहा प्यायला गेले तेव्हा भजन आपोआप लागलं होतं, ते बरोबर आहे ना?’

खाली लिहिलं: बरोबर आहे.